शेलाला निघण्याआधी

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालात सहा महिने राहायचं, सकाळी स्पॅनिश शिकायचं, दुपारी एखाद्या संस्थेत मुलांना शिकवायचं, हा बेत मला मनापासून आवडला. फक्त हे सगळं पहिल्या आठवड्यापासून एकदम सुरू करू नकोस. आधी भाषा, मग घर आणि गाव अंगवळणी पडू दे, काम त्यानंतर. या एका गोष्टीसाठी मी हट्ट धरणार आहे.

राहायला तिथलं अँटिग्वा शहर बरं की शेला, असं तू विचारलंस. अँटिग्वा फार देखणं आहे. 1773 च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झालं आणि राजधानी तिथून हलवली गेली. पडक्या चर्चच्या कमानी अजून तशाच उभ्या आहेत, मागे ज्वालामुखी दिसतात. पण तिथे पावलोपावली इंग्रजी ऐकू येतं आणि दमलेला माणूस सोप्या वाटेनेच जातो. तू शेलालाच जा. नकाशावर ते केत्साल्तेनांगो म्हणून सापडेल, बोलताना सगळे शेलाच म्हणतात. उंची सुमारे 2,330 मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरंच वर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडाक्याची थंडी पडते आणि घरात हीटर असेलच असं नाही. लोकरीची टोपी आणि जाड मोजे इथूनच ने.

तिथल्या शाळांची पद्धत तुला मानवेल. एक शिक्षिका, एक विद्यार्थी, समोरासमोर रोज चार-पाच तास. लपायला मागचा बाक नसतो. पहिले काही दिवस दुपारी डोकं जड होईल, तेव्हा सरळ झोप काढ. एक मात्र कर: मनात इंग्रजी वाक्य जुळवून मग त्याचं स्पॅनिश करू नकोस, मराठीतून जा. ‘मला आंबे आवडतात’ यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं, ‘मे गुस्तान लोस मांगोस’ मध्येही तसंच. इंग्रजीतून शिकणारे इथे आठवडाभर अडखळतात, तुला ही रचना जन्मापासून येते. त आणि द हे उच्चारही आपल्याच जिभेचे आहेत. निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचं तुला नवल वाटणार नाही, फक्त कोणतं ते पाठ करावं लागेल. ज्या घरी राहशील तिथल्या बाईंना आणि वयाने मोठ्या सगळ्यांना ‘उस्तेद’, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’ म्हण. बरोबरीची मुलं ‘वोस’वर, म्हणजे ‘तू’वर आली की तूही ये, घाई नाही.

राहायला खोली भाड्याने घेऊ नकोस, कुटुंबात राहा. शाळाच ती सोय करून देते. रविवारी जेवण असतं की नाही ते आधी विचारून घे, कित्येक घरी नसतं. तू शाकाहारी आहेस, तेव्हा नुसतं ‘कार्ने नको’ म्हणून भागणार नाही. कार्ने म्हणजे अनेकांच्या मते गाईचं मांस, त्यामुळे कोंबडीचा रस्सा समोर येऊ शकतो. ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो’ असं मांस, कोंबडी, मासे ही तिन्ही नावं घेऊन सांग. काळा घेवडा, अंडी, भाज्या, तळलेली केळी यांवर तुझं छान चालेल. आणि तोर्तिया तर असतीलच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात, दळतात आणि तो ओला गोळा दोन्ही तळव्यांत टपटप थापतात. आपल्या भाकरीसारखंच, फक्त परातीऐवजी हवेत. चुलीशी उभी राहून एक-दोन थापून बघ. पुस्तकात न मिळणारं बोलणं तिथेच कानावर पडतं. जेवून उठताना सगळ्यांकडे बघून ‘मुचास ग्रासियास’, म्हणजे ‘खूप आभार’ म्हणायचं, बाकीचे ‘बुएन प्रोवेचो’, म्हणजे ‘जेवण अंगी लागो’ म्हणतात. हे न म्हणता उठणं उद्धटपणाचं दिसतं. पाणी नळाचं पिऊ नकोस, मोठ्या बाटलीतलंच पी.

आता स्वयंसेवेबद्दल. यावर मी सविस्तर लिहिते, कारण तुझं मन तिथेच आहे.

ग्वातेमालात माया लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, बावीस भाषा आहेत. शेलाच्या आसपास किचे आणि माम बोलतात. तू ज्या मुलांना शिकवायला जाशील, त्यांतल्या कितीतरी जणांची स्पॅनिश ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा असेल. अशा वर्गात मोडक्या स्पॅनिशमध्ये इंग्रजी शिकवणारी परकी मुलगी उभी राहिली, तर मुलांच्या पदरात काय पडणार? म्हणून पहिले दोन महिने शिकवूच नकोस. भाज्या चिरायला, वाचनालयातली पुस्तकं लावायला, रोपवाटिकेत पिशव्या भरायला जा. या कामांना भाषा कमी लागते आणि करता करता ती येतेही. शिवाय तू हिशेबात पक्की आहेस. छोट्या संस्थांना देणग्यांचा हिशेब नीट मांडून देणारं माणूस क्वचितच मिळतं, आणि ते काम तू परतल्यावरही टिकतं.

संस्था निवडताना बेधडक विचार: किमान किती आठवडे यावं लागतं? हे काम पगार घेऊन करणारं गावातलं कुणी आहे का? मी गेल्यावर कोण करणार? ‘कधीही या, कितीही दिवस या’ असं म्हणत पैसे घेणाऱ्या ठिकाणी जाऊ नकोस. आणि अनाथाश्रमात तर नकोच. तिथली लेकरं दर महिन्याला नव्या माणसाला बिलगतात आणि दर महिन्याला ते माणूस निघून जातं. आपल्या समाधानासाठी त्यांना हे सोसायला लावण्याचा आपल्याला हक्क नाही.

मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नकोस. ग्वातेमालातून हजारो मुलं दत्तक म्हणून परदेशी जात होती. त्यांत चोरलेल्या मुलांचीही प्रकरणं निघाली आणि 2007 अखेर ते थांबवण्यात आलं. परक्या माणसाने लेकराकडे कॅमेरा रोखला की आईच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

तसंच यादवी युद्धाचं. 1960 पासून 1996 पर्यंत ते चाललं. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाप्रमाणे दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ज्यांची ओळख पटली त्यांतले 83 टक्के माया होते. तू ज्या घरी राहशील तिथल्या आजीने ते पाहिलेलं असणार. जाण्याआधी वाचून जा, पण तिला विचारू नकोस. तिने आपणहून काढलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐक.

कागदपत्रांचं थोडक्यात. पर्यटक म्हणून मिळणारे 90 दिवस ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चारही देशांचे मिळून असतात. होंडुरासला जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तुला सहा महिने राहायचंय, तेव्हा मुदतवाढीचं ग्वातेमालाच्या वकिलातीकडून लेखी विचारून घे आणि अर्ज मुदत संपायच्या बऱ्याच आधी कर.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरची आठवण जोरात येईल. नवलाई ओसरलेली असते आणि भाषा अजून हाती लागलेली नसते. त्या दिवसांत रोज तासन्‌तास फोनवर राहिलीस, तर मन तिथे रुजणार नाही. तिथले रात्रीचे आठ म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. आईबाबांना आठवड्यातले दोन वार ठरवून दे आणि ते चुकवू नकोस. मधल्या दिवशी फोन आला नाही तर काळजी करायची नाही, हे त्यांना मी समजावते. बाकीच्या संध्याकाळी तिथल्या घरच्यांबरोबर स्वयंपाकघरात बस, समजो वा न समजो.

कुठल्या शाळेचं नक्की होतंय ते कळव. पैसे भरण्याआधी मला दाखव.

तुझी,
ताई