टर्बो बदलण्याआधी चेंबर उघडा

प्रश्न : दादा, गेल्या दिवाळीत 2014 ची डिझेल गाडी घेतली. रनिंग 1 लाख 12 हजार. आठवड्याला कराड-पुणे एक फेरी असते. हल्ली परतताना खंबाटकी चढायला लागली की शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअपही पडलाय. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, नवा टाका. टाकू का? आणि तो टिकवायचा कसा?
– एक वाचक, कराड

उत्तर : थांबा, पैसे बाहेर काढू नका. टर्बो म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. शिट्टी येणं आणि पिकअप पडणं, दोन्ही इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज, म्हणजे रबरी पाइप, फाटल्यावर किंवा क्लॅम्प ढिला झाल्यावरही होतं. आधी ते बघायला सांगा. मग गाडी थंड असताना एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर होत असेल, किंवा पाती घासलेली दिसली, तर मात्र टर्बो गेला.

तसं निघालं तरी नुसता टर्बो टाकू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. एका टॅक्सीला नवा टर्बो बसवला आणि गाडी अकराव्या दिवशी दोरी लावून परत आली. मग चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, उघडला. तळाशी काकवीसारखा काळा गाळ, ऑइल ओढणारी जाळी निम्मी बुजलेली. दुसऱ्या टर्बोचे पैसे अर्थातच माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून चेंबर, जाळी साफ केल्याशिवाय आणि टर्बोचा ऑइल पाइप नवा टाकल्याशिवाय मी टर्बोला हात लावत नाही. तो पाइप बारीक असतो, धुऊन भागत नाही.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतो आणि फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. तो थर काही सेकंद तुटला तरी बेअरिंग खरवडतं. म्हणून सेकंड हँड गाडी घेतली की पहिल्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलायचा. विकणारा ‘कालच टाकलंय’ म्हणतो, सगळेच म्हणतात. ग्रेड पुस्तिकेत लिहिलाय तोच. पुस्तिकेत 10 हजार किलोमीटर असले तरी एवढ्या जुन्या गाडीला मी साडेसात हजारांवर बदलतो. दर रविवारी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा.

सकाळी सेल्फ मारल्या मारल्या रेस देऊ नका. बंद करण्याचं म्हणाल, तर खंबाटकी चढून उतारानं सुरूरला येईतो टर्बो बराच निवतो. पण हायवेवर शंभरनं येऊन थेट ढाब्यात वळलात आणि चावी फिरवलीत, की आत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. तिथं मिनिटभर इंजिन चालू ठेवा. मंडळी चहा सांगायला पुढं जाऊ देत.

धुराचा रंग तुम्ही लिहिलाच नाहीत. काळा असेल तर होजवरच माझा संशय. निळा असेल तर ऑइल जळतंय, मग पुण्याची पुढची फेरी एसटीनं करा.