कन्स्ट्रेंट सॅटिस्फॅक्शनचा, म्हणजे सगळ्या अटी एकदम पाळायचा, प्रश्न केसेस पाडून (एकेक शक्यता वेगळी धरून) सोडवला तर खरंच वेळ वाचतो का? केसेस कुठून पाडाव्यात?

वाचतो. पण ‘कुठून’ यावरून माझं आणि आमच्या पर्यवेक्षकांचं चार वर्षं वाजलंय, म्हणून लिहितोय.

शाळेचं वेळापत्रक आम्हा दोघांकडे होतं. सर पाचवी अ, सोमवार, पहिला तास असं धरून ओळीने भरत सुटायचे. शनिवारपाशी गाडं अडलं की रबर. दोन जून असेच गेले.

आमच्या संस्कृतच्या बाई तासिका तत्त्वावर. यायच्या फक्त मंगळवारी-गुरुवारी, तेही मधल्या सुट्टीनंतर. म्हणजे दिवसाला चारच तास, 5 ते 8. तुकड्याही चार, नववी अ-ब आणि दहावी अ-ब, प्रत्येकीला त्या दिवशी एक तास. जरासुद्धा सैल जागा नाही. तिसऱ्या वर्षी मी तिथूनच सुरुवात केली. मंगळवारचे क्रम एकूण 24. प्रयोगशाळा एकच, दहावी अ चं प्रॅक्टिकल 5-6 ला, ब चं 7-8 ला. म्हणजे अ ला संस्कृत एक तर 7 ला, नाहीतर 8 ला. 7 धरा. मग 8 चा तास नववीच्याच कुठल्यातरी तुकडीला द्यावा लागतो, आणि त्या तासाला अख्खी नववी मैदानावर, पीटीचे सर एकटेच. ही केस मेली. अ ला 8 च. उरले 4 क्रम. चहा निवायच्या आत झालं. सर म्हणाले, “गणित वर्गात शिकवा, इथे नशीब लागतं.”

नशीब कसलं? 2016 मध्ये ह्यूले, कुलमन आणि मारेक या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवलं की पायथागोरसचं एकही त्रिकूट (3, 4, 5 सारखं, a² + b² = c² बसणारं) एकरंगी होऊ न देता 1 ते 7824 हे आकडे दोन रंगांत रंगवता येतात, 7825 पर्यंत नाही. एकेक रंगवणी तपासायची तर 2 चा 7825 वा घात. त्यांनी सुमारे 10 लाख केसेस पाडल्या आणि महासंगणकाच्या 800 कोअर्सवर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसरांवर) दोन दिवसांत उरकलं. तेही काही ‘पाचवी अ’ पासून सुरू झाले नव्हते.

तेव्हा पर्याय सगळ्यांत कमी जिथे, तिथे आधी फोडा.

हां, केसेस मिळून सगळ्या शक्यता झाकल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर ‘उत्तर नाही’ असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि भलतीकडे फोडलं तर दोन्ही केसेस मूळ प्रश्नाइतक्याच चिवट राहतात. गुरुवारच्या वेळी माझं तसंच झालं, दोनदा खोडावं लागलं. सरांना ते अजून सांगितलेलं नाही.