सरकारी की खासगी हे नंतर बघा, आधी 'नाही' कोण आणि कधी म्हणतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डोंबिवलीचे, घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. मँचेस्टर आणि म्युनिक अशा दोन नोकऱ्या हातात आहेत. आई-बाबा (६६ आणि ७२) इथेच राहणार. दवाखान्याच्या बाबतीत कुठला देश बरा, सरकारीवर भिस्त ठेवावी की वेगळा खासगी विमा काढावा, आणि 'अमेरिकेसारखं तर होणार नाही ना?'

मी डॉक्टर नाही. दादर-परळच्या पट्ट्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात अकरा वर्षं टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या टेबलावर, बसते. कॅशलेसची फाइल पाठवायची, विमा कंपनीकडून क्वेरी आली की डॉक्टरांच्या मागे लागायचं, आणि संध्याकाळी नातेवाइकांना किती भरायचे तो आकडा सांगायचा, हे माझं काम. थोरली ताई लेस्टरला आहे, आतेभाऊ स्टुटगार्टला, मामेभाऊ न्यू जर्सीत. त्यामुळे रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आमच्याकडे पाऊस-पाण्यानंतर लगेच हाच विषय निघतो.

एक गोष्ट मला पटलेली आहे. सगळं देणारी व्यवस्था कुठेच नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी, कधीतरी 'नाही' म्हणतंच. फरक आहे तो कोण म्हणतं आणि कधी म्हणतं यात.

इंग्लंडपासून सुरुवात करते. तिथली एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. पैसा करातून येतो, पेशंटला बिल नाही. ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, तेव्हा तिने नर्सला विचारलं, 'बिलिंग काउंटर कुठे आहे?' नर्सला प्रश्नच कळेना. ताई मुलुंडला वाढलेली, डिस्चार्ज म्हटला की पर्स घट्ट धरायची सवय! पण त्याच ताईच्या नवऱ्याचा गुडघा एक वर्षाहून जास्त काळ रांगेत होता. तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं तिथलं उद्दिष्ट आहे, आणि इंग्लंडच्या प्रतीक्षायादीने २०२२ मध्ये ७० लाखांचा आकडा ओलांडला होता. म्हणजे तिथे 'नाही' आधी येतं, 'आत्ता नाही' अशा रूपात. जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळवायला सकाळी आठ वाजता फोन घेऊन बसावं लागतं, ते आपल्या तत्काळ तिकिटासारखंच. पण हार्ट अटॅक किंवा अपघात असेल तर कुणी कार्ड मागत बसत नाही.

तिथला खासगी विमा ही रांग टाळण्यासाठी असतो. इमर्जन्सीला सगळे एनएचएसमध्येच जातात. दाताचं मात्र आत्ताच ऐकून ठेवा: एनएचएसचा डेंटिस्ट मिळणं अवघड आणि मिळाला तरी फी आहे. मुंबईहून तिकडे गेलेली मंडळी दातांची कामं सुट्टीत इथे उरकतात, ते उगाच नाही. औषधांचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड लागतात, स्कॉटलंड-वेल्समध्ये तेही नाहीत.

फुकट म्हणतात खरं, पण तुम्हाला व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरावा लागेल. प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलीला ७७६, आणि तोही जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तिघांचे मिळून साडेआठ हजार पौंड होतात. कंपनी हे भरणार आहे का, हे ऑफर सही करायच्या आधी विचारा. लोक पगार घासाघीस करून ठरवतात आणि हे विसरतात.

जर्मनीची तऱ्हा वेगळी. तिथे उपचाराचे पैसे सरकार करातून भरत नाही, विम्यातून येतात. बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आरोग्यविम्याचा कायदा केला, तोच सांगाडा आजही आहे. पगारातून १४.६ टक्के अधिक तुमच्या फंडाचा थोडा जादा हिस्सा कापला जातो, साधारण अर्धा तुमचा, अर्धा मालकाचा. या फंडांना क्रांकेनकासे म्हणतात. जवळपास नव्वद टक्के लोक यातच आहेत. बायको कमावत नसेल तर तिचा आणि मुलीचा वेगळा हप्ता नाही, हे तुमच्यासाठी मोठंच. हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला दहा युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे.

आता सापळा. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) की तुम्हाला खासगी विम्यात जाण्याची मुभा मिळते, आणि एजंट लगेच गाठतात. तरुण, निरोगी माणसाला खासगी हप्ता स्वस्त दिसतो, अपॉइंटमेंटही लवकर मिळते. पण तो हप्ता पगारावर नाही, वय आणि तब्येतीवर ठरतो. बायकोचा वेगळा, प्रत्येक मुलाचा वेगळा. आणि पंचावन्नच्या पुढे परत सरकारी फंडात शिरणं जवळजवळ अशक्य. आतेभाऊ म्हणतो, 'तिथे नाही म्हणतात, पण वीस वर्षांनी म्हणतात.' चार वर्षांची मुलगी असताना मी तरी सरकारी फंड सोडणार नाही.

याच जातीची व्यवस्था आपल्याकडे आहे आणि आपल्याला तिची आठवणही नसते. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. कायदा १९४८ चाच, एनएचएसच्याच वर्षातला. माझे वडील गिरणीत होते, घरात ईएसआयचं कार्ड असायचं आणि परळच्या महात्मा गांधी हॉस्पिटलला आम्ही 'आपलं हॉस्पिटल' म्हणायचो. आजही महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगार त्याच्या वर गेला की माणूस एकदम खासगीच्या दारात. आणि त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये. असो.

अमेरिकेबद्दल मी फार लिहीत नाही, तुम्ही तिथे जात नाही. तिथे पासष्टच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड (दोन्ही १९६५ ची), बाकीचे बहुतेक नोकरीच्या विम्यावर. विमा असूनही आधी ठरावीक रक्कम स्वतःच्या खिशातून, मग उरलेल्याची विमा कंपनीशी वाटणी. मामेभावाच्या मुलाचा हात मोडला, प्लास्टर झालं, सगळे हसत घरी आले, आणि पाच आठवड्यांनी पाकिटं यायला लागली, एकेका डॉक्टरचं वेगळं. तिथलं 'नाही' टपालाने येतं. मँचेस्टर किंवा म्युनिकला हे होणार नाही, निर्धास्त राहा.

आणि श्रीमंत देशच हे करू शकतात असं कुणी म्हटलं तर थायलंड दाखवते मी. २००१ मध्ये त्यांनी तीस बाटची योजना काढली, एका भेटीला तीस बाट, बाकी सरकारचं. भारतात २०२१-२२ च्या सरकारी हिशेबानुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ होता, म्हणजे सुधारणा आहेच. पण माझ्या डेस्कसमोर उभ्या असलेल्याला टक्केवारी दिसत नाही.

त्याला काय दिसतं ते सांगते. गेल्या महिन्यातली केस. पॉलिसी तीन लाखांची, बिल दोन लाख चाळीस हजारांचं, मुलगा निवांत. पण पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. आईला त्रास नको म्हणून त्याने सहा हजारांची सिंगल रूम घेतलेली, चार दिवस. खोलीचे चोवीस हजार, त्यातले बारा गेले. इथवर त्याला समजलं. पण सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग असे एक लाख वीस हजारही त्याच प्रमाणात अर्धे झाले, कारण आमच्याकडे हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. साठ हजार कापले. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांचे शहाण्णव हजार सुटले, त्यांना ही कपात लागत नाही. एकूण बहात्तर हजार खिशातून, वर ग्लोव्हजसारख्या किरकोळ वस्तूंचे वेगळे. 'मॅडम, पॉलिसी तर तीन लाखांची आहे ना?' हा प्रश्न मी आठवड्यातून तीनदा ऐकते. आपल्याकडचं 'नाही' संध्याकाळी पाच वाजता येतं, पेशंटने घरचे कपडे घातल्यावर.

महापालिकेच्या हॉस्पिटलात ते वेगळ्या तऱ्हेने येतं. वडिलांचा खुबा मोडला तेव्हा आम्ही तिथेच नेलं. दहा रुपयांचा केसपेपर, पहिले दोन दिवस दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी, प्लेट आणि स्क्रू 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी. आणि ऑपरेशन करणारा सर्जन असा, की आमच्या हॉस्पिटलात त्याच्या हाताचे किती लागले असते ते मी सांगत नाही. वडील पुढे सात वर्षं काठी न घेता चालले.

म्हणून तुमची खरी काळजी मँचेस्टर की म्युनिक ही नाहीच. तिथे तुम्ही तिघं सुरक्षित आहात. मला विचाराल तर लहान मूल आहे आणि बायको कमावत नसेल, तर जर्मनी थोडं उजवं, बाकी भाषेचा त्रास तुमचा तुम्ही बघा. काळजी डोंबिवलीची आहे. आई-बाबा आत्ता तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतील, तर तुमच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर त्यांचंही छत्र जाईल. राजीनामा देण्याआधी एचआरला विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना हलवता येईल का. तसं झालं तर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात जमेस धरली जातात. नव्याने पॉलिसी काढलीत तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बीपी-शुगर लपवू नका, एजंटने सांगितलं तरी. रूमभाड्याची मर्यादा नसलेली घ्या, वरचा किस्सा वाचलातच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

बाबा सत्तरीच्या पुढचे, म्हणजे त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, म्हणजे सरकारी खर्चाने पाच लाखांपर्यंतचे उपचार. खासगी पॉलिसी असली तरी काढता येतं. आईसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही चालते. मात्र दोन्ही योजना ठरावीक हॉस्पिटलांत आणि यादीतल्या उपचारांनाच, आणि अशा हॉस्पिटलात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो, आधी त्यालाच गाठायचं. घराजवळची कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत ते तुम्ही इथे असतानाच एकदा जाऊन विचारून या. फोनवर 'हो आहे' सांगतात आणि मग त्या आजारासाठी नसतं.

आणि एक. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर, त्याचं कार्ड चालत नाही, तिथे पहाटेचे तीन, आणि काउंटरवर शेजारचे काका आपलं पासबुक चाचपत उभे, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की मोजणं सोडलं. इथल्या एखाद्या चुलतभावाला किंवा मित्राला आईबरोबर जॉइंट खात्यात घ्या, दोनेक लाख त्यात कायम ठेवा, आणि विम्याच्या व योजनांच्या कार्डांची झेरॉक्स त्याच्याकडे देऊन ठेवा. ईमेलवर नको, कागदावर. आमच्या काउंटरला नेट बऱ्याचदा नसतं.