मावशीचं पासबुक मावशीच्या हातात द्या

प्रश्न : माझी मावशी ८१ वर्षांची आहे. मूलबाळ नाही. तिचे यजमान डाक खात्यात होते, ते गेल्यापासून तिला फॅमिली पेन्शन मिळते. दीड वर्षापूर्वी तिला म्हापशाजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. एटीएम कार्ड, पासबुक सगळं माझ्याकडे असतं. दर रविवारी फोंड्याहून गेले की तिचा पहिला प्रश्न, ‘माझे पैसे गेले कुठे?’ शेजारच्या आजीला सरकारचे २००० येतात, मला का नाही, म्हणून रुसते ती वेगळीच. भाऊ म्हणतो, तिला सांगून काय उपयोग? मी काय करू?

उत्तर : ताई, मावशीचा तुमच्यावर संशय आहे असं मनाला लावून घेऊ नका. चवथीला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारापासून घराचा सगळा हिशेब सांभाळलेल्या बाईच्या हातात आज काहीच नाही. भावाचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. पैसे तिचे आहेत.

माझ्या आईच्या बाबतीत मी हीच चूक केली. हरवेल म्हणून तिचा बटवा घरी आणून ठेवला. मग ती रोज उशीखाली हात घालून काहीतरी चाचपायची. शेवटी दोनशे रुपये घालून बटवा परत दिला, तेव्हा ते चाचपणं थांबलं.

येत्या रविवारी पासबुक भरून न्या. सोबत एक वही न्या. महिन्याला एक पान. मोठ्या अक्षरात आले, गेले, उरले. चष्मा लावून मावशीलाच वाचू द्या, खाली तिची सही घ्या. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं तर तेच पान उघडा, न कंटाळता.

पासबुकात एक गोष्ट तुम्हीही तपासा. केंद्र सरकारच्या फॅमिली पेन्शनमध्ये ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते. पण पुष्कळदा पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रात, बायकोची जन्मतारीखच नोंदलेली नसते आणि वाढ अडकते. लागली नसेल तर वयाचा पुरावा जोडून अर्ज करा, थकबाकीही मागा.

शेजारच्या आजीचे २००० बहुधा गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे असावेत. ज्यांना दुसरा आधार नाही त्यांच्यासाठी ती योजना आहे. मावशीला एवढंच सांगा, ‘तुला काकांची पेन्शन आहे, म्हणून ते नाहीत.’ काकांचं नाव घेऊन सांगा, तिला ते लगेच कळेल.

एटीएमचं मात्र थांबवा. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी दुसऱ्याचा पिन वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, आणि उद्या नातेवाइकांत वाद झाला तर बोट तुमच्याकडेच येईल. बँकेत जाऊन बोला. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलंय. हात थरथरत असेल तर अंगठाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा माणूस.

हयातीच्या दाखल्यासाठी ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा असते, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नका. मावशीला कुठे न्यायलाही नको, पोस्टमन यंत्र घेऊन आश्रमात येऊ शकतो. त्या दिवशी तुम्ही तिथे थांबा. काकांच्या खात्यातला माणूस दारात पाहून मावशी त्याला आधी चहा विचारेल. विचारू द्या.