वाचकांचे प्रश्न : दारे बंद केल्याने मजुरी वाढते का?

प्रश्न : माझी पुतणी गेली नऊ वर्षे अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहे. परदेशी माणसांमुळे स्थानिकांची मजुरी पडते, म्हणून त्यांच्या येण्यावर निर्बंध घालावेत, असे तेथील अनेकांचे म्हणणे आहे. आमच्या घरातही यावरून दोन तट पडले आहेत. स्थानिक कामगाराच्या दृष्टीने पाहिले, तर या म्हणण्यात कितपत तथ्य आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बाजारात माल जास्त आला की भाव उतरतो, तशी माणसे जास्त आली की मजुरी उतरणार, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. परंतु बाहेरून आलेला माणूस नुसता राबत नाही. तो घरभाडे देतो, किराणा भरतो, आणि त्याच्या या खर्चातून दुसऱ्या कोणाला तरी काम मिळते. यांपैकी कोणते पारडे जड ठरते, हे तर्काने ठरत नाही, प्रत्यक्ष काय घडले ते पाहावे लागते. आणि अमेरिकेच्या इतिहासात त्यासाठी उत्तम दाखले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात शेतावर माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून हंगामी शेतमजूर आणण्यास प्रारंभ केला. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे हात, म्हणून हातांनी राबणारे हे मजूर ‘ब्रासेरो’ म्हणून ओळखले जात. यांच्यामुळे स्थानिक शेतमजुरांची मजुरी दबून राहते, असे कारण पुढे करून १९६४ च्या अखेरीस ही योजना बंद करण्यात आली. पुढे मायकेल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी जुनी आकडेवारी काढून, ब्रासेरोंवर बरेच अवलंबून असलेली राज्ये आणि जेथे ते जवळजवळ नव्हतेच अशी राज्ये यांची तुलना केली, तेव्हा मजुरीच्या वाढीत दोहोंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मग मजुरांची ती जागा कोणी भरून काढली? कॅलिफोर्नियातील टोमॅटोच्या शेतांत ती यंत्राने भरून काढली. डेव्हिस येथील विद्यापीठात टोमॅटो काढणारे यंत्र आणि त्या यंत्राचा मार सोसेल असे घट्ट फळ देणारे वाण, दोन्ही आधीच तयार होत आले होते. मजूर मिळेनासे होताच शेतकऱ्यांनी ते यंत्र घेतले आणि काही वर्षांतच कारखान्याला जाणारा बहुतेक सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. ज्या पिकांसाठी असे यंत्र नव्हते, त्यांपैकी काहींचे उत्पादनच घटले. जो पैसा स्थानिक मजुराच्या हाती पडेल अशी अपेक्षा होती, तो त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

याच्या उलट उदाहरण मायामी शहराचे. १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांतच फ्लोरिडात उतरले आणि मायामीतील कामकऱ्यांची संख्या एकदम ७ टक्क्यांच्या आसपास वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये केलेल्या अभ्यासात कमी कौशल्याच्या स्थानिक कामगारांच्या मजुरीवर याचा विपरीत परिणाम दिसला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी बऱ्याच वर्षांनी त्याच घटनेची आकडेवारी पुन्हा चाळली आणि शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या कामगारांची मजुरी चांगलीच घसरली होती, असा दावा केला. त्यांनी आधार घेतलेला नमुना फार लहान होता, हा आक्षेप मला पटतो. परंतु त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवले, तो तळाचा कामगार खरा आहे, आणि ‘एकूण देशाला फायदाच होतो’ या वाक्याने त्याचे समाधान होणार नाही. (बोर्हास हे स्वतः लहानपणी क्यूबातून अमेरिकेत आलेले आहेत, हे जाता जाता.)

आता तुमच्या पुतणीविषयी. माझ्या मते किती माणसे येऊ द्यावीत यापेक्षा ती कोणत्या अटींवर येऊ द्यावीत, हा प्रश्न मोठा आहे. ब्रासेरो हा करार करणाऱ्या मालकाशी बांधलेला असे. एच-१बी व्हिसावरील, म्हणजे कुशल नोकरीसाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्यावरील, अभियंताही थोड्याफार फरकाने तसाच असतो. त्याला नोकरी बदलता येते, परंतु नव्या मालकाने त्याच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांत दुसरी सोय लावावी, अन्यथा देश सोडावा लागतो. असा माणूस पगारवाढीसाठी किंवा कामाच्या तासांसाठी भांडायला कचरतो, आणि तो भांडत नाही म्हणून शेजारच्या टेबलावरील अमेरिकी सहकाऱ्याचेही मोल कमी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी देशाबाहेरून आणायच्या नव्या कर्मचाऱ्यांच्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावले. त्यामुळे नवे येणारे कमी होतील, परंतु आधीच आलेल्यांच्या पायातील दोरी त्याने सैल होत नाही.

प्रश्न : अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची, म्हणजे ग्रीनकार्डाची, रांग भारतीयांसाठीच इतकी लांब का? हा उघड भेदभाव नव्हे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : उघड भेदभाव पूर्वी होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले, आणि १९४६ मध्ये दार किलकिले झाले तेही वर्षाला १०० भारतीयांपुरते. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेले कोटे गेले. आज नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीनकार्डे दिली जातात, त्यांत पती, पत्नी आणि मुलेही धरलेली असतात, आणि सर्वसाधारणपणे एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. म्हणजे आइसलँड आणि भारत यांना मर्यादा एकच. कागदावरील ही समानताच भारतीयांच्या मुळावर येते, आणि रांगेत असताना मूल २१ वर्षांचे झाले, तर बहुधा ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. मात्र एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : येथे देश मोजला जातो तो नागरिकत्वाने नव्हे, जन्मस्थळाने. त्यामुळे पतीपत्नींपैकी एकाचा जन्म मस्कत किंवा कुवेत येथे झालेला असेल, तर दोघांचाही अर्ज त्या देशाच्या खात्यात धरून घेता येतो. वकिलाला भेटताना दोघांचेही जन्मदाखले सोबत न्यावेत.