जुना डेस्कटॉप: भाग बदलावेत की संगणक?

प्रश्न: माझा डेस्कटॉप २०१४ चा आहे. इंटेल कोअर आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. वडिलांची हस्तलिखितं आणि पत्रं मी स्कॅन करून ठेवतो आहे. त्याखेरीज टायपिंग, ईमेल आणि बँकेचे व्यवहार, एवढंच काम. सुरू केल्यावर बराच वेळ काही उघडत नाही, चार-पाच पानं स्कॅन केली की हँग होतो. हल्ली रोज सकाळी तारीख भलतीच दिसते आणि बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. मुलगी म्हणते, नवा घ्या. दुरुस्ती करणारे म्हणतात, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर साठवण करणारी डिस्क) टाका, नव्यासारखा होईल. काय करू?

उत्तर: तुमच्या कामाला हा संगणक अजून पुरेल. मात्र तो विंडोज १० वर ठेवू नका, आणि भाग विकत घेण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासा.

आधी तारखेचं बघू, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि ब्राउझर ती तुमच्या संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो. संगणक २०१४ सालात असला तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेलं नसतं. तुमच्या बँकेच्या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच आहे. सेल बदला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख लावा आणि साइट पुन्हा उघडून बघा. या एका कारणापायी चांगले चालणारे संगणक मोडीत निघालेले मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता वेगाचं. संगणक रेंगाळत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम) आणि डिस्क यांपैकी काय शंभर टक्क्यांना भिडलंय ते बघा. एकदा सुरू झाल्या झाल्या बघा, एकदा स्कॅनिंग चालू असताना. माझा अंदाज सांगते: सुरुवातीला डिस्क शंभर टक्क्यांना भिडलेली दिसेल, स्कॅनिंगच्या वेळी मेमरी आणि डिस्क दोन्ही, आणि प्रोसेसर बराचसा रिकामा. तसं दिसलं तर दुरुस्ती करणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक दांडी तिच्यावरून मागेपुढे सरकते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. दांडी सरकायला लागणारा वेळ त्यात मिळवला, तर विखुरलेल्या जागी असलेल्या छोट्या फायली अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच वाचू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली मागते. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे साधी साटा एसएसडीसुद्धा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडली जाणारी) सेकंदाला हजारो वाचनं सहज करते. जाहिरातीत सेकंदाला ५५० एमबी असा आकडा असतो, पण तुम्हाला जाणवणारा फरक या छोट्या वाचनांमुळे पडतो. म्हणून महागड्या, आणखी वेगवान एनव्हीएमई एसएसडीच्या मागे लागू नका. ती ज्यात बसते ती एम.२ नावाची खाच एच८१ च्या बोर्डवर बहुधा नसतेच. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. या चिपसेटमध्ये ६ गिगाबिटचे साटा पोर्ट दोनच असतात, बाकीचे ३ गिगाबिटचे. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत बघून एसएसडी वेगवान पोर्टला जोडून घ्या.

राहिला हँग होण्याचा प्रश्न. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की मेमरीत ते सुमारे २६ एमबी जागा घेतं. ६०० डीपीआयला तेच १०० एमबीच्या वर जातं. जेपीईजी फाईल लहान दिसते, पण ती उघडी असताना मेमरीत पूर्ण आकारानेच असते. विंडोज, ब्राउझर आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर मिळून ४ जीबी आधीच संपवतात, मग संगणक उरलेलं डिस्कवर ठेवू लागतो आणि तिथे सगळं अडकतं. तेव्हा रॅम ८ जीबी करा. बोर्ड १६ जीबीपर्यंत घेतो, तरी ८ वर थांबा, आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे.

जुन्या संगणकावर खर्च करताना मी प्रत्येक भागाबद्दल विचारते: हा पुढच्या संगणकात जाईल का? साटा एसएसडी जाईल. मॉनिटर, कीबोर्ड जातील. तुमची डीडीआर३ रॅम जाणार नाही. तिच्या पुढच्या पिढ्यांच्या, म्हणजे डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेजही वेगळं, त्यामुळे नव्या बोर्डात ती बसतच नाही. म्हणून रॅमवर गरजेपुरताच खर्च करावा. तुमच्याकडे ४ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी शोधा. दोन सारख्या पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन्ही, चालतात, तो थोडा जास्तीचा फायदा. प्रोसेसर बदलून आय७-४७९० टाका असं कोणी सुचवलं, तर नम्रपणे नाही म्हणा. त्यातही कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) चारच आहेत, आणि तुमचा अडथळा मुळात तिथे नाही.

कॅबिनेट उघडाल तेव्हा मदरबोर्डवरचे दंडगोल कपॅसिटर नीट बघा. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला दिसला, तर रॅमसुद्धा घेऊ नका, पैसे नव्या संगणकासाठी ठेवा. पहिल्या झटक्यात सुरू न होणं किंवा काम वाढल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं ही एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) थकल्याची लक्षणं असू शकतात. तो बदलता येतो, पण त्याचा डबा मात्र उघडू नका, आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही काही काळ भारित राहतात. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत वाळलेली असणार, तीही या निमित्ताने बदलून घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून सुरक्षा अपडेट मिळवण्याची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं आणि इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. तुमचा चौथ्या पिढीचा आहे. ही अट चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी हे करणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरून बघा. ते पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता सुरू करता येतं. तसं सुरू करून तुमचा स्कॅनर पान ओढतो का, प्रिंटर छापतो का आणि टायपिंगची तुमची पद्धत जमते का, हे आधी तपासा. स्कॅनर चालला नाही, तर तुमच्या मुलीचं म्हणणं ऐका, त्यात कमीपणा काही नाही. एसएसडी नव्या संगणकात जाईलच.

आणि कृपा करून हे सगळ्यांत आधी करा. वडिलांची जेवढी पानं स्कॅन झाली आहेत त्यांच्या दोन प्रती काढा, दोन वेगळ्या जागी. त्यातली एक घराबाहेर असू द्या. ती डिस्क बरीच वर्षं फिरते आहे. स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दाखवणाऱ्या एखाद्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा, आकडा वाढताना दिसला, तर स्कॅनिंग थांबवा आणि फक्त प्रती काढा.

प्रश्न: माझ्याकडे एका कंपनीचा लहान कॅबिनेटचा तयार डेस्कटॉप आहे: कोअर आय५-६५००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. फोनवर काढलेले फोरके व्हिडिओ संपादित करायचे आहेत, पण चित्र अडकत अडकत चालतं. मित्र म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाक. कोणतं घेऊ?

उत्तर: कोणतंही घेऊ नका, हा खर्च वाया जाईल.

सहाव्या पिढीच्या आय५-६५०० मध्ये कोअर चार, थ्रेडही (एकाच वेळी चालू शकणारी कामं) चारच. शिवाय हल्लीचे फोन एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त तपशील असलेले) व्हिडिओ बहुधा १० बिट एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या पद्धतीत ठेवतात. तो उलगडण्याचं पूर्ण हार्डवेअर इंटेलच्या प्रोसेसरात पुढच्या, सातव्या पिढीपासून आलं. तुमच्याकडे तो भार चार कोअरवर पडतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड हे काम उचलेल, हे खरं. पण मदरबोर्डची खाच जास्तीत जास्त ७५ वॉट देते. त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते, आणि लहान कॅबिनेटच्या तयार संगणकांत ती बहुतेक वेळा नसते. एसएमपीएस बदलावा तर त्याचा आकार आणि जोडणी पुष्कळदा कंपनीची स्वतःची, बाजारातला बसत नाही. कार्डही अर्ध्या उंचीचंच मावतं. रॅमही वाढवावी लागेल. एवढं करूनही सहाव्या पिढीला विंडोज ११ ची अट आडवी येतेच.

नवा घ्या. सहा किंवा जास्त कोअर, १६ जीबी रॅम (३२ झेपली तर उत्तम) आणि चित्रफितींसाठी वेगळी एनव्हीएमई एसएसडी. तुमची रॅम डीडीआर४ असेल आणि ती सोबत नेण्याचा विचार असेल तर नवा बोर्ड डीडीआर४ चा आहे का ते विचारा. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीच्या एएम५ बोर्डात फक्त डीडीआर५ चालते.

तोवर काम थांबवायची गरज नाही. तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रॉक्सी’ची सोय असेल, तर प्रत्येक फितीची कमी आकाराची प्रत तयार होते, संपादन तिच्यावर चालतं आणि शेवटी निर्यात करताना मूळ फोरके फीत वापरली जाते. प्रॉक्सी रात्रभर तयार होऊ द्या, सकाळी कापाकापी करा.