४३ चे ४८

पत्र: ताई, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात ही चौथी पिढी. मुलगी अकरावी सायन्सला, बी ग्रुप (म्हणजे बायोलॉजीवाला). तिने डॉक्टर व्हावं ही घरातल्या सगळ्यांची इच्छा (यांचं मेडिकल थोडक्यात हुकलं होतं). परवा दप्तर आवरताना ट्युशनचा बायोलॉजीचा पेपर दिसला, ५० पैकी ४८. पण आठची शाई जरा वेगळी वाटली. ट्युशनच्या बेनना (बाईंना) फोन केला, तर त्यांच्या वहीत ४३. मी हादरलेच. आमच्या घरात खोटं खपत नाही. सासरे नेहमी सांगतात, सयाजी महाराजांच्या राज्यात शिकलेलं घर हे. यांना अजून बोलले नाही. पेपर हातात आला की ते आधी विचारतात, "बाकीचे कुठे गेले?" दहावीला ८७ टक्के पडले तेव्हा नातेवाइकांना आम्ही 'नव्वदच्या आसपास' सांगितलं, तेव्हापासून ती तशी गप्पच असते. शिक्षा म्हणून यंदा गरबा बंद करू का? आमचे संस्कार कुठे कमी पडले?

उत्तर: पत्र वाचता वाचता मी त्या ४३ वरच थांबले. पन्नासपैकी त्रेचाळीस! नापास झालेलं पोर पेपर लपवतं, ते समजतं. तुमच्या लेकीने चांगले मार्क लपवले हो. ट्युशनच्या जिन्यात बसून असेल किंवा घरी बाथरूमचं दार लावून, इंग्रजी तीनच्या उघड्या बाजूला तिने दोन बारीक वळसे जोडले, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. पाच मार्कांसाठी. आणि फसवलं कुणाला? बेनच्या वहीला तिने हात लावला नाही. तो आठ फक्त तुमच्या घरासाठी होता, दारातून आत शिरताच येणाऱ्या त्या एका प्रश्नासाठी.

संस्कार कमी पडले असं मला वाटत नाही. घरात जे चालतं ते तिने नीट उचललं आहे. सत्त्याऐंशीला नव्वदच्या आसपास म्हणायचं असतं, हे तिने तुमच्याच तोंडून ऐकलं. राग मानू नका, ही गोष्ट तुम्ही स्वतःहून लिहिलीत म्हणूनच बोलते आहे. तिने त्या दिवशी काय ऐकलं असेल, सांगू? की माझे खरे मार्क आईबाबांना चारचौघांत सांगवत नाहीत.

सासऱ्यांना एक आठवण करून द्या. १९०६ मध्ये सयाजीरावांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. मूल शाळेत आलं नाही तर दंड व्हायचा तो आईबापांना. मला त्या कायद्यातली ही बाब फार मोलाची वाटते.

यजमानांचं मेडिकल हुकल्याचं तुम्ही कंसात लिहिलंत. किती मार्कांनी हुकलं, हे त्यांना आजही तोंडपाठ असेल. 'बाकीचे कुठे गेले' हे त्यांनी स्वतःला किती वर्षं विचारलं असेल! त्यांची मला कीव येत नाही, काळजी वाटते. आणि घरातल्या सगळ्यांची इच्छा लिहिलीत, लेकीची मात्र वेगळी लिहिली नाहीत. ती विचारून घ्या.

आता करायचं काय? आधी तिला एकटीला गाठा आणि सरळ सांगा, "बेनशी बोलले, ४३ आहेत ते मला माहीत आहे." काही ठाऊक नसल्यासारखं दाखवून कबुली काढू नका. मग ती घरात नसताना यजमानांशी बोला. त्यांचा काय तो राग तिथेच निघू द्या. रात्री जेवणं उरकली की तिने स्वतः त्यांना सांगायचं, तुम्ही शेजारी बसायचं. खोटं ते खोटंच, तिने ते आपल्या तोंडाने कबूल करायला हवं. पण 'नव्वदच्या आसपास' हे आमचंही चुकलं, असं तुम्ही दोघांनी त्याच बैठकीत म्हणायला हवं. त्यानंतर जमलं तर बाबांनी आपल्या हुकलेल्या वर्षाची गोष्ट सांगावी, आकड्यासकट. ती तिने बहुतेक कधी ऐकलेलीच नसेल.

अभ्यासाचंही बोलते. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक मार्क वजा. तेव्हा गेलेले सात मार्क कोणत्या प्रश्नांत गेले हे तिने शांतपणे बघायला हवं. खाडाखोड केलेला पेपर मूल पुन्हा उघडत नाही, उलट कुठेतरी दडवतं. तुम्हाला तो दप्तरात सापडला तो असाच. महिनाभर पेपर आला की आधी विचारा, "कोणता प्रश्न अडला?" आकडा ती सांगेल तेव्हा सांगेल.

गरबा बंद करू नका. बडोद्याच्या मुलीला नवरात्रात घरी बसवलं की अख्खी गल्ली विचारते, का नाही आली? मग "तिला बरं नाही" म्हणावं लागेल, म्हणजे घरात आणखी एक खोटं, आणि तेही तिच्या देखत. जाऊ द्या तिला. रात्री पाय ओढत, भुकेजून परत येईल. तिला गरम काहीतरी खायला द्या आणि कुणाकुणाबरोबर खेळली ते विचारा.